हाडांचे मुद्दल

आमच्या थोरल्या बंधूंचे सारे आयुष्य पेढीवर गेले. ऊन त्यांच्या वाट्याला फारसे आलेच नाही. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त झाले आणि मनगटाचे हाड मोडले. तपासणीत अस्थिविरळता व ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी ६०,००० एककांची पुडी दर आठवड्याला सुरू केली आणि महिनोन्‌महिने थांबवलीच नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार मात्र विसरला गेला. पुढे रक्तातील कॅल्शियम वाढल्याचे दिसले, तेव्हा सारे घर धास्तावले.

तज्ज्ञांचे म्हणणे मी माझ्या बँकेच्या भाषेत सांगतो. उन्हातून वा औषधातून मिळालेले ‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे नुसता धनादेश. तो यकृतातून पुढे जातो व मुख्यत्वे मूत्रपिंडात वटतो. तेव्हाच आतड्यांत कॅल्शियम नीट शोषले जाते. मूत्रपिंड दुर्बल झाले की परावटू ग्रंथी ती तूट हाडांतून भरून काढतात. मुद्दलच खर्ची पडते! उलट, मात्रा अति झाल्यास वाढलेले कॅल्शियम मूत्रपिंडालाच इजा करते. म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन तपासूनच डॉक्टर मात्रा ठरवतात. काहींना कॅल्सिट्रायॉल हे सक्रिय रूप देतात.

आणखी एक. पुष्कळ कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते, म्हणून आपल्याकडे काही जण औषधच सोडतात. तसे करू नये. शाकाहारी पर्याय मिळतात. डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

हिशेब दुसऱ्याच्या वहीवरून कोणी मांडत नाही. औषधही दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नये.