ऑटिझम असलेल्या प्रौढांचा एकटेपणा: आधारगट काय करू शकतो?

जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने एकटेपणावरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असा त्यातला अंदाज आहे. या चर्चेत एक गट मात्र सहसा मागे राहतो, तो म्हणजे ऑटिझम असलेली प्रौढ माणसे.

एकांत वेगळा, एकटेपणा वेगळा

मराठीत आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. या शब्दामुळे घरच्यांनाही वाटते, की 'तो आपल्याच विश्वात खूश आहे, त्याला माणसे नकोच असतात.' गोंगाट आणि गर्दीनंतर अनेकांना एकांत लागतो, हे खरे. पण मित्र नसल्याचे दुःख त्यांनाही होते. ऑटिझम असलेल्या प्रौढांमध्ये एकटेपणाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे अभ्यासांत दिसते. त्याचा संबंध नैराश्य, चिंता आणि आत्महत्येच्या विचारांशीही आढळतो.

अठराव्या वर्षानंतर काय होते?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण शाळा संपली की रोज भेटणारी माणसेही संपतात. भावंडे नोकरी-लग्नात गुंततात आणि आईवडील हाच एकमेव सोबतीचा आधार उरतो. ज्यांचे निदान मोठेपणी होते, त्यांनी तर अनेक वर्षे 'आपलेच काहीतरी चुकते' असे समजून काढलेली असतात.

गटाचा उपयोग का होतो?

ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांना स्वतःला ऑटिझम आहे. संवाद फसतो तेव्हा दोष एकाच बाजूचा नसतो, दोघांनाही एकमेकांची रीत कळत नाही, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. पुढे एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. २०२० च्या या अभ्यासात ऑटिझम असलेल्यांची साखळी इतरांइतकीच यशस्वी ठरली, मिश्र साखळी मात्र मागे पडली. २०२५ च्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीही मागे पडली नाही. म्हणजे संवादाची क्षमता त्यांच्यात आहे, गरज आहे ती सोयीच्या जागेची.

चांगला गट कसा ओळखावा?

- सदस्य स्वतः ऑटिझम असलेले प्रौढ असावेत. पालकांचे गट उपयोगी असतात, पण ते पालकांचा एकटेपणा कमी करतात.
- वेळ, जागा आणि कार्यक्रम आधी कळवलेला असावा. आवाज आणि झगझगीत प्रकाश कमी असावा.
- गप्पांपेक्षा एखाद्या आवडीभोवती भेट असावी: चित्रकला, बुद्धिबळ, रेल्वे, संगणक.
- बोलण्याची किंवा डोळ्यांत बघण्याची सक्ती नसावी. लिहून किंवा चित्रे दाखवून बोलणेही चालावे.
- 'इतरांसारखे दिसायला शिकवणे' हा हेतू नसावा. सतत मुखवटा घालून वावरण्याचा संबंध थकवा आणि नैराश्याशी आढळला आहे.

घरच्यांनी काय करावे?

परस्पर नाव नोंदवू नका, आधी विचारा. पहिल्या भेटीला सोबत जा, पण बाहेर थांबा. अर्ध्या तासात परत यावेसे वाटले, तरी ती भेट फुकट गेली असे समजू नका. दहा ओळखी होण्याची वाट पाहू नका. पुन्हा भेटावेसे वाटणारा एक माणूस मिळाला, तरी पुष्कळ आहे.

डॉक्टरांना कधी भेटावे?

गट हा औषधोपचाराला पर्याय नाही. झोप किंवा भूक बदलणे, आवडीच्या गोष्टी सोडून देणे, स्वतःला इजा करणे किंवा 'जगून काय उपयोग' असे बोलणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.