कार्बोरेटर गेला म्हणून गॅरेजचा धंदा गेला का?



शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात टू-व्हीलर गॅरेज टाकायचं म्हटलं की लोक म्हणतात, "आता सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या. कार्बोरेटरचं काम शिकून काय उपयोग?" माझं मत स्पष्ट आहे: उपयोग आहे, पण तेवढ्यावरच बसू नका.

जरा अमेरिकेत काय झालं ते बघा. 1960 च्या दशकात तिथं मोठ्या इंजिनाच्या सुसाट 'मसल कार' आल्या. इंजिनाला भरपूर हवा-पेट्रोल द्यायला चार तोंडांचा कार्बोरेटर लागायचा. 1957 साली आलेला हॉली कंपनीचा 4150 या गाड्यांवर गाजला. कारण सोपं होतं. जेट बदलला की पेट्रोलचं प्रमाण बदललं, मिस्त्रीच्या हातातलं काम! पुढे धुराचे नियम कडक झाले आणि 1990 च्या आसपास नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला.

मग हॉली संपली का? नाही. जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी तिनं कार्बोरेटर बनवणं चालूच ठेवलं. सोबत त्याच जागी बसणारं इंजेक्शनचं किटही काढलं. गिऱ्हाईक तेच, माल दोन्ही! हां, 2008 मध्ये कर्जाच्या ओझ्यानं दिवाळखोरीचा अर्जही करावा लागला. म्हणजे माल चांगला असला तरी कर्ज अंगावर येतं, हेही लक्षात ठेवा.

आता आपलं बघू. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झालं आणि स्प्लेंडरसुद्धा इंजेक्शनवर आली. पण खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. मार्च 2020 ला पासिंग झालेली गाडी 2035 पर्यंत चालणार. शेतावर, डेअरीला, बाजाराला जाणाऱ्या या गाड्यांचा कार्बोरेटर कचरा धरणारच. तो साफ करणारा हात हवाच ना?

म्हणून माझा सल्ला असा:

1. सुरुवात कार्बोरेटर सफाई आणि ट्युनिंगनं करा. हत्यारं कमी लागतात.
2. रोजच्या गल्ल्यातून स्कॅनरसाठी पैसे बाजूला काढा. पहिल्याच दिवशी मोठं कर्ज नको.
3. पहिल्या वर्षातच इंजेक्शनचं काम शिका.

दरवर्षी कार्बोरेटरच्या गाड्या कमी होणार. त्या संपायच्या आत दुसरं काम हातात आलं पाहिजे. जुन्या कामावर पोट भरा, नव्या कामाची तयारी करा. लागा कामाला!