वाटसरूंची फुले

वसईच्या वाडीत वाढलेल्या आम्हांला फूल दृष्टीस पडले की प्रथम त्याचा भाव आठवतो. मोगरा उमलण्यापूर्वीच खुडावा व मुंबईच्या बाजारी धाडावा, ही आपली रीत. म्हणूनच इंदूरला गेलो असता, राजवाड्यासमोरील बागेत देवी अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी न खुडलेली फुले पाहून आम्ही थबकलो. ती कोणाच्याही मालकीची नव्हती. म्हणूनच आमचीही होती.

मात्र अशी शोभा आयती येत नसते. १९१७ साली प्लेगने गांजलेल्या या नगरीत होळकर दरबाराने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांनी लोकांना धाक घातला नाही. दिवाळीची मिरवणूक योजली. ज्या वाटेवरील घरे अधिक स्वच्छ, त्या वाटेने मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले. मग काय विचारता! घरोघरी झाडलोट सुरू झाली. गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे सोंग होते आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. आधी केर गेला, मग रोप आले. तेच इंदूर २०१७ पासून राष्ट्रीय स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिले आले.

घरी परतल्यावर आम्ही फाटकाबाहेर जास्वंद लावली. त्यासाठी प्रथम आमचाच तेथे साठलेला केर उचलावा लागला, हे सांगताना संकोच वाटतो. तिची फुले आम्ही खुडणार नाही. ती वाटसरूंची आहेत. वाचकहो, आपल्या फाटकाबाहेर काय आहे?