पाळणा हलला, पुढे काय?

दुखण्याला एकदा चुकीचे नाव पडले, की ते जन्मभर आडवे येते. हल्ली घरोघरी ऐकू येणारे ‘पीसीओएस’ त्यांपैकीच. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हे त्याचे पूर्ण नाव. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित होती आणि बीजकोश मोठे झाले होते, त्यांत बारीक बारीक पुटकुळ्या. डोळ्यांना बीजकोश दिसले, म्हणून नाव त्यांना चिकटले. वस्तुतः त्या पुटकुळ्या म्हणजे गाठी नव्हेतच. वाढता वाढता अर्ध्यावर थांबलेली ती बीजपुटके. पण नाव जिकडे बोट दाखवते, तिकडेच लोक पाहतात.

मग घरात काय होते? मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, म्हणून आई तिला डॉक्टरांकडे नेते. काळजी एकच : लग्न जमेल ना, आणि जमले तर मूल होईल ना? गोळ्या सुरू होतात, पाळी सुधारते, यथावकाश दोनाचे चार हात होतात, पाळणा हलतो. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची पिशवी माळ्यावर जाते. आमची तक्रार आहे ती या पिशवीबद्दल.

कारण पुष्कळ जणींच्या बाबतीत खरा बिघाड इन्शुलिनचा असतो. शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकच सोडते. हे जादा इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके बनवायला लावते. पाळी चुकते ती त्यामुळे. पण त्याचा कारभार तेवढ्यावर थांबत नाही. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते आणि वाहिनी सैल होते. (या वायूच्या कार्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की ज्या नायट्रोग्लिसरीनपासून नोबेलने डायनामाइट केले, ते हाच वायू शरीरात सोडून छातीतली कळ शमवते. आणि उतारवयात डॉक्टरांनी तेच खुद्द नोबेलला औषध म्हणून सांगितले होते!) निरोगी शरीरात इन्शुलिनही या अस्तराला सैल व्हायला सांगते. जिथे इन्शुलिनचे कोणी ऐकेनासे होते, तिथे अस्तरही हटून बसते.

हे मोजता येते. हाताला पट्टा पाच मिनिटे आवळून सोडतात आणि येणाऱ्या रक्ताच्या लोंढ्याने दंडातली रोहिणी किती रुंदावते, ते सोनोग्राफीने पाहतात. वय आणि वजन सारखे असलेल्या इतर स्त्रियांपेक्षा पीसीओएस असलेल्या तरुण स्त्रियांत ती कमी रुंदावते, असे दिसून आले आहे. म्हणजे बाहेरून सारे आलबेल असतानाच ही सुरुवात होते.

आता औषधांकडे वळू. मेटफॉर्मिन हे मुळात मधुमेहाचे औषध. युरोपातल्या गॅलेगा या रानवनस्पतीतल्या द्रव्याचे ते नातलग. १९२२ साली डब्लिनमध्ये ते तयार झाले, आणि १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी मधुमेह्यांवरचे त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पीसीओएससाठी त्याचा उपयोग १९९४ पासून पुढे आला. त्याने इन्शुलिन उतरते, कित्येकींची पाळी सुधारते, आणि काही महिन्यांच्या छोट्या प्रयोगांत रक्तवाहिनीचे अस्तरही सुधारलेले दिसले. म्हणून पन्नाशीतला हृदयविकार टळतोच, असे मात्र सिद्ध झालेले नाही. सुरुवातीला पोट बिघडते. फार वर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते, ते तपासून घ्यावे.

गर्भनिरोधक गोळ्यांचा मामला निराळा. पाळीला शिस्त आणि लव कमी, ही त्यांची कामगिरी चोख. पण त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. बहुतेकींना काही होत नाही. तथापि रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल किंवा पूर्वी गुठळी झालेली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. नणंदेला लागू पडली म्हणून भावजयीने तीच गोळी आणवणे, हा आपल्याकडचा घरगुती औषधोपचार इथे चालणार नाही.

२०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका अधिक समजावा, असे स्पष्ट म्हटले आहे. निदान होताच कोलेस्टेरॉल, दर वर्षी रक्तदाब, दर एक ते तीन वर्षांनी साखर, तीही शक्यतो पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली तपासणी. मूल झालेले असो वा नसो. खर्च फारसा नाही, आठवण मात्र ठेवावी लागते. आणि चाळिशीतल्या बाईच्या छातीत दुखले, तर तिच्या विशीतल्या पाळीची चौकशी हृदयाचे डॉक्टर आपण होऊन करतीलच असे नाही. माळ्यावरची ती पिशवी तेव्हा बरोबर न्यावी.