जुन्या पुस्तकापायी गेलेले पाच गुण

मे महिन्यातल्या ‘नीट’च्या दिवशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या परीक्षा केंद्राबाहेर एकदा उभे राहून पाहावे. नांगरटीची कामे टाकून आलेले बाप झाडाखाली बसलेले असतात, आयांच्या पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली असते. पोरे बाहेर पडतात आणि फाटकातच हिशोब सुरू होतो. “त्या अणूच्या प्रश्नाला काय लिहिलंस?” “दोन.” “मी तर चार लिहिलं.” येष्टी गावाला पोहोचेपर्यंत एक पोरगं हसत असतं आणि दुसरं खिडकीबाहेर बघत गप्प बसलेलं असतं. बापाला भौतिकशास्त्र कळत नाही, पण पोराचा चेहरा कळतो.

“झालं ते झालं, आता उत्तरं कशाला जुळवता?” असे मोठी माणसे म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. आडतीवर माल घातला की आपण हिशोबपट्टी शेजाऱ्याच्या पट्टीशी लावून बघतोच ना? वजनातली, तोलाईतली चूक तशीच सापडते. पोराने तेच केले तर त्याला दोष का द्यायचा? मात्र पट्टी लावून बघायची असेल तर दोघांचा काटा एकच पाहिजे. आमचे सांगणे त्या काट्याबद्दल आहे.

५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेतला भौतिकशास्त्राचा एक प्रश्न गावागावांत माहीत व्हायला हवा. त्यात दोन विधाने होती. पहिले असे, की अणूत धन आणि ऋण प्रभार सारखेच असल्याने अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला खास वर्णपट देतात. पहिले विधान बरोबर, यात वाद नाही. भांडण दुसऱ्याचे. युरेनियमचे, थोरियमचे अणू आपोआप फुटत राहतात, त्यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. मग ‘प्रत्येक’ मूलद्रव्याचे अणू स्थिर कसे? म्हणून चौथा पर्याय बरोबर, म्हणजे पहिले विधान खरे आणि दुसरे खोटे.

पण एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ असेच छापलेले होते. नव्या आवृत्तीत ते सुधारून ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे केले. एका शब्दाचा फरक. जुने पुस्तक वाचलेल्या मुलांनी ‘दोन्ही विधाने बरोबर’ हा दुसरा पर्याय निवडला. अशी मुले चार लाखांहून अधिक निघाली.

पुढचा प्रकार आणखी शिकण्यासारखा आहे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने तात्पुरत्या उत्तरसूचीत चौथा पर्याय दिला होता. हरकती आल्या, जुन्या पुस्तकाचा दाखला दिला गेला आणि अंतिम सूचीत दोन्ही पर्याय मान्य झाले. ४ जूनच्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते, त्यांतल्या ४४ जणांचे पैकीच्या पैकी गुण या एका प्रश्नावर उभे होते. उणे गुणांच्या भीतीने हा प्रश्न सोडून दिलेल्यांवर अन्याय झाला, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांना विचारले. २३ जुलैला उत्तर आले, की चौथा पर्यायच बरोबर. जुना पर्याय धरलेल्यांचे मिळालेले चार गुण गेले, वर एक उणे झाला. २६ जुलैच्या सुधारित निकालात पूर्ण गुणांचे फक्त १७ जण उरले.

विज्ञानाच्या दृष्टीने निकाल योग्यच झाला. चार लाख पोरांनी ‘दोन’ लिहिले म्हणून दोन बरोबर ठरत नाही, अणू काही बहुमताने चालत नाही. पण जुने पुस्तक कोणाच्या हातात असते, हा प्रश्न आपला आहे. शहरातल्या शिकवणीतला मुलगा दरवर्षी नवे पुस्तक घेतो. आपल्याकडे थोरल्या भावाचे पुस्तक धाकटीकडे येते, तिथून चुलत्याच्या पोराकडे जाते. ही काटकसर आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. पण दहा वर्षांपूर्वीचा सातबारा घेऊन कोणी खरेदीखत करायला बसत नाही. तलाठ्याकडून चालू उतारा काढतो. पुस्तकाचेही तसेच आहे. ‘नीट’च्या यादीत चार-पाच गुणांत हजारो क्रमांक इकडचे तिकडे होतात, आणि सरकारी कॉलेजची जागा हुकली की खासगी कॉलेजची फी भरायला जमीन विकावी लागते.

म्हणून काही कामे गावातच करता येतील. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाने आणि शाळेने अकरावी-बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या चालू आवृत्तीचा एक तरी संच दरवर्षी ठेवावा. एनसीईआरटीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सेवा केंद्र चालवणाऱ्याने बदललेली पाने छापून दिली तर जुन्या पुस्तकात चिकटवता येतील. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी, उत्तरसूची लागल्याची आणि हरकतीची शेवटची तारीख फळ्यावर लिहावी. ही मुदत मोजक्याच दिवसांची असते, आणि गावात वीज नसली की त्यातला एक दिवस तसाच जातो.

सरकारलाही एक सांगणे आहे. २०२४ साली एका प्रश्नावर हरकत घ्यायला दोनशे रुपये पडत होते, आणि ते परत मिळत नव्हते. पाच प्रश्न म्हणजे हजार रुपये, मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या कष्टाचा पैसा. हरकत खरी निघाली तर पैसे परत मिळालेच पाहिजेत. काट्यातली चूक दाखवून देणाऱ्यालाच दंड, हा कुठला न्याय? आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. तो अधिकार गरिबाच्या खिशाला परवडेल, एवढे तरी व्हावे.

आणि आई-बापांना एवढेच, की येष्टीतून उतरलेल्या पोराला त्या रात्री “किती चुकले?” असे विचारू नका. आधी जेवू घाला. दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका आणि पुस्तक घेऊन शेजारी बसा, आणि उत्तर जुळवण्याआधी पुस्तकाचे पहिले पान उघडून ते कोणत्या साली छापलेले आहे तेवढे बघा. तेवढे वाचायला भौतिकशास्त्र यावे लागत नाही.