मृदा पत्रिकेत पिकांचा क्रमही नोंदवा

मराठवाड्यात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हा क्रम अनेक वावरांत वर्षानुवर्षे चालू आहे. ‘दोन्ही पिके द्विदल, जमिनीला नत्र मिळतेच, मग आणखी वेगळी फेरपालट कशाला?’ असे सर्रास म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करत नाहीत. दोघांचे रायझोबियम वेगळे. शिवाय सोयाबीनने बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर बाजारात जातो. उरलेला पालापाचोळा लवकर कुजतो. याउलट फेरपालटीत ज्वारी घेतली, तर तिचा कडबा जनावरांसाठी घरी नेला, तरी धसकटे आणि तंतुमय मुळांचे जाळे जमिनीत राहते. त्यात कर्ब जास्त असल्याने ते सावकाश कुजते आणि बुरशांना व जिवाणूंना दीर्घकाळ अन्न पुरवते. प्रत्येक पिकाची मुळे वेगवेगळी द्रव्ये पाझरतात आणि त्यानुसार मुळांभोवती जमणारे सूक्ष्मजीवही बदलतात. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारे सॉर्गोलिऑन हे द्रव्य अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावते. त्यामुळे नत्र निचऱ्याबरोबर वाहून जाण्याला आळा बसतो.

रोगांचा हिशेबही पाहा. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पीक नसतानाही सुमारे सहा वर्षे जमिनीत तग धरते. दर रब्बीला हरभराच पेरला, तर तिला दरवर्षी नवे खाद्य मिळते. फेरपालटीने सगळेच रोग जातात असे नाही. सोयाबीन आणि हरभऱ्याची मुळे कुजवणारी मॅक्रोफोमिना ही बुरशी ज्वारीतही खडखड्या रोग आणते. तिच्यासाठी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, शेणखत आणि जमिनीतली ओल टिकवणे यांची जोड द्यावीच लागते. पण म्हणून मर रोगाला मोकळे रान देणे शहाणपणाचे नाही.

‘बेवड’, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम, पाहून पेरणी करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती मोडली याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देता येणार नाही. ज्वारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत, पाखरे आणि रानडुकरे पीक फस्त करतात. हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू झाले नाही तर तो कागदावरच राहतो.

शासनाला मात्र एक गोष्ट आजच करता येईल. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जमिनीतल्या सजीवांविषयी थेट माहिती देणारा घटक त्यात एकही नाही. दुसरीकडे, 2021 पासून ई-पीक पाहणीत कोणत्या गटात कोणते पीक घेतले याची हंगामवार नोंद होते. या दोन नोंदी जोडून पत्रिकेवर मागच्या तीन वर्षांचा पीकक्रम छापावा आणि पुढच्या हंगामात कोणते पीक टाळावे हे त्याखाली स्पष्ट लिहावे. जमिनीतल्या सजीवांचाही अंदाज यावा म्हणून निदान जिल्हा प्रयोगशाळांत मातीच्या श्वसनाची चाचणीही सुरू करावी.

जोडीला ज्वारी, तूर अशा फेरपालटीच्या पिकांची खरेदी केंद्रे काढणीआधी उघडावीत. नुसत्या सल्ल्याने शेतकरी पीक बदलणार नाही. बदललेले पीक विकले जाईल याची हमी त्याला आधी मिळायला हवी.

— एक शेतकरी वाचक, जि. लातूर