नागपूरमार्गे नॅशव्हिल

जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. त्याच काळात, १९५३ पासून, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी मुलांना खेळ शिकवत होते. सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंग भोगून आलेले. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध घातलेल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपुरातल्याच वर्तमानपत्रात.

मायदेशी परतल्यावर नॅशव्हिलच्या चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांकडून अहिंसक प्रतिकाराच्या तालमी करून घेतल्या. एकाने शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. दुसऱ्याने हात उगारायचा नाही. अहिंसा म्हणजे नुसता सोशिकपणा असे समजणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावे. १९६० च्या फेब्रुवारीत ही मुले फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसली. त्यामुळे मार्चमध्ये, लॉसन जिथे शिकत होते त्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. मे महिन्यात त्यांतल्या अनेक उपाहारगृहांना नमते घ्यावे लागले.

असाच अहिंसक असलेला १९२३ चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू होऊन नागपुरात पेटला, हे आपण अभिमानाने सांगतो. लॉसन यांचे नाव मात्र क्वचितच घेतो. ९ जून २०२४ रोजी ते गेले. त्या काळच्या हिस्लॉपमधल्या कुणाच्या आठवणी तुमच्या घरात असतील, तर आम्हाला जरूर लिहून पाठवा.